शनिवारची पाटी

फ्लीटवूडला ट्रामचा रूळ संपतो. त्यापुढे नुसता समुद्र.
मला इथे धाडताना बिशप म्हणाले होते,
पॅरिश लहान आहे, आणि थंडी वाजेल.
दोन्ही खरं निघालं.

शनिवारी साडेचारला मी पापनिवेदनाच्या खोलीत बसतो.
बहुतेक शनिवारी कुणी फिरकत नाही.
जपमाळ बोटांतून सरकते, मन भलतीकडेच:
बॉयलरचं बिल, उजवा गुडघा,
भुईगावला आता रात्रीचे दहा,
वाडीतली मोटर कुणी बंद केली असेल का.

विल्फ कार्टमेल मात्र येतो.
ब्याऐंशीचा. सारी उमेद ट्रॉलरच्या इंजिनखोलीत गेली,
आइसलंडपर्यंत, कॉडच्या मागे.
मासळीने घर चालवलं, इंजिनाने कान खाल्ले.
पहिल्या खेपेला तो जाळीपलीकडून
आपली पापं सांगू लागला,
वादळात डेकवरच्याला हाक घालावी तशी.
वेदीपाशी फुलं लावणाऱ्या मिसेस डगडेल
डॅफोडिल हातात घेऊन तशाच बाहेर पडल्या
आणि पावसात उभ्या राहिल्या, बिचाऱ्या.

मग बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात पाटी सापडली,
लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेली.
तेव्हापासून तो लिहितो, मी वाचतो,
मी लिहितो, तो मान हलवतो,
आणि शेवटी मी ओल्या फडक्याने सगळं पुसतो.
(नियमांत बसतं हे. मी पाहून घेतलंय.)
काय लिहितो ते पाटीला ठाऊक, आणि पाटी विसरते.
पुसताना मला आठवतात पहिलीतल्या बाई:
थुंकीने पाटी पुसली की पट्टी मारायच्या,
अक्षर उष्टं करू नये म्हणायच्या.
सात वर्षं सेमिनरीत देवाविषयी शिकलो,
त्यातलं एवढं नीट कुठलंच आठवत नाही.

रविवारी मी सांगतो, दार उघडं ठेवा, मन उघडं ठेवा.
माझ्या घराला तीन कड्या आहेत.
एकोणीस वर्षांत इथे कुणाला सांगितलं नाही
की पहाटे गुडघे टेकले की समोर कुणी नसतं.
शब्द जातात, आणि उत्तर नाही,
उत्तर नाही एवढंसुद्धा कुणी कळवत नाही.
तरी टेकतो. सवय म्हणा, हट्ट म्हणा.
विहिरीला पाणी नसलं तरी
रहाट गंजू नये म्हणून फिरवणारे असतात,
माझे आजे तसे होते.

या उपवासकाळात एका शनिवारी
विल्फने आपलं झाल्यावर पाटी परत दिली नाही.
पुसली, उलटी केली, खडू माझ्याकडे सरकवला.
आणि ओरडला, "आता तुमचं!"

मी हसलो. तो हसला नाही.

मी मराठीत लिहिलं.
इंग्रजीत ते मिस्सेसारखं नीटनेटकं झालं असतं.
अक्षर वेडंवाकडं आलं, ओळी उतरत्या गेल्या,
पाटी भरली तेव्हा मध्येच थांबलो.
त्याने चष्मा बदलून पाहिलं, बराच वेळ,
भरतीओहोटीचा तक्ता पाहावा तसं.
"लांबलचक आहे," तो म्हणाला.
मग कोटाच्या बाहीने पुसून टाकलं.
खांद्यावर हात ठेवला, डिझेलचा वास अजून असलेला,
निदान मला तरी आला,
आणि सहाची ट्राम गाठायला निघून गेला.

हा संस्कार नव्हे, मला कळतं.
गुरुवारी प्रेस्टनला जाऊन फादर हॉथर्नथ्वेटना
रीतसर सगळं सांगितलं, पाटीचंही.
ते म्हणाले, बाही कुठली होती? डावी की उजवी?
मला सांगता आलं नाही.

पहाटे अजून तसंच आहे. कुणी नाही.
पाटीच्या उडालेल्या कोपऱ्यात मात्र
एक वेलांटी पुसायची राहिली आहे.
दोन शनिवार झाले,
फडकं तिच्या कडेने नेतो.