अकराच प्रश्न

सिव्हिल हॉस्पिटल, खोली नंबर चौदा.
खैरनार मॅडमनी हातात टॅब दिला, म्हणाल्या,
यात बरोबर-चूक काही नसतं, शालनताई,
जसं वाटतं तसं दाबा.

बरोबर-चूक नसतं?
अंबडच्या कंपनीत बावीस वर्षं मी तेवढंच करतेय.
बुश गेजमध्ये गेलं तर पास,
अडकलं तर लाल खोक्यात.

पहिला प्रश्न झोपेचा.
मी दाबलं, ठीक.
रात्री तीनला गॅलरीत उभी राहून
पांडवलेण्याच्या डोंगरावरचा एकच दिवा बघते,
हे कुठल्या बटणात बसवायचं?

दुसरा : आवडीची कामं करावीशी वाटतात का?
‘आवडीची’ या शब्दावरच बोट थांबलं.
मग दाबलं, कधीकधी.

आणि तिथे तो वळला.
शेजारी सटाण्याहून आलेला पोरगा बसलेला,
त्याला छातीतली धडधड विचारत होता, गर्दीची भीती विचारत होता.
मला त्यातलं काहीच नाही.
मला एकदम : स्वतःला दोष देता का?

ही चाल माझ्या ओळखीची.
लॉटमधले पाच नग उचलायचे,
पाचही सरळ निघाले तर लॉट सोडायचा.
एक जरी अडकला
तर पाचाचे वीस, आणि बाकी सगळं सोडून
ती एकच कड तपासत बसायचं.
ऑपरेटर चिडतात. ताई, आमच्याच मागे का लागता?
मी म्हणते, मी कुठे?
तुमचा नगच सांगतोय, इथे बघ.

सहाव्याला मुद्दाम खोटं दाबलं.
सातवा म्हणजे तोच प्रश्न, कपडे बदलून आलेला.
आठव्याला खोटं बोलायचं विसरले.

नववा वाचला
आणि टॅब मांडीवर पालथा घातला.
पाणी प्यायले.
बाहेर त्र्यंबक रोडवर कुणी रिक्षावाला
सातपूर, सातपूर ओरडत होता.
असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
घरी विचारतात, भाजी काय केलीस.
टॅब सुलटा केला. दाबलं.
काय दाबलं ते इथे लिहीत नाही.

अकराव्यानंतर पडदा म्हणाला, धन्यवाद.
पोरगा अजून चोविसाव्यावर, नखं खात.
मी म्हटलं, माझं लवकर आटपलं मॅडम,
म्हणजे मी बरी ना?
म्हणाल्या, खात्री झाली की थांबतं ते.

कशाची, ते मला विचारायची गरज नव्हती.
अधलामधला नगच वेळ खातो.
बाकीचे हातात घेताक्षणी कळतात.
पण लाल खोक्यातलं सगळंच काही भंगारात जात नाही,
लोकांना उगाच तसं वाटतं.
निम्मे पुन्हा मशीनवर चढतात.

मॅडमनी टॅब बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली.
आज घरी गेल्यावर सोबत कोण आहे तुमच्या?

हा बारावा.
याला बटणं नव्हती.
मी सांगायला सुरुवात केली
ती भाजीपासून.