अकरावा थेंब

रात्री नऊला बाबा कुपी हलवतात.
टाकीतलं पाच मिलीलीटर खारं पाणी,
वर थेंब. एक. दोन.
निळं होतं. तीन झाले तरी निळंच.
मिलच्या बॉयलरचं पाणी त्यांनी एकवीस वर्षं असंच तपासलं.
गेटाला कुलूप पडलं त्या दिवशीचंही
सकाळचं रीडिंग वहीत आहे.
"क्षार कमी पडला तर नळ्या खातो," ते म्हणतात,
"जास्त झाला तर नळ्यांवर बसतो."

इंदुरात समुद्र नाही.
लोकमान्यनगरात आमच्या हॉलमध्ये आहे, चार फूट बाय दोन,
दिवसाआड येणारी नर्मदा आरओतून गाळून
पोत्यातलं मीठ कालवून केलेला.
समोरच्या दिघेकाकू विचारतात, हे मासे खाता येतात का.
मासे दोनच. बाकी पोवळी.
जांभळी, पोपटी, फांद्या फुटणारे दगड म्हणा,
रात्रंदिवस पाण्यातून चुना पीत बसलेले.

त्यांच्यासाठी कोपऱ्यात ती उभी नळी, रिअ‍ॅक्टर.
आत मेलेल्या पोवळ्यांचा चुरा,
शेजारी सियागंजच्या मुर्तुझाभाईंनी भरून दिलेला सिलिंडर,
सोडावॉटरचाच गॅस.
बुडबुडा चढतो, पाणी आंबट होतं,
आंबट पाण्यात जुनी हाडं विरघळतात
आणि थेंबाथेंबानं टाकीत उतरतात.
मेलेल्यांच्या हाडांवर जिवंतांचं भागतं.
हे बाबांना सांगितलं, तर म्हणाले,
"त्यात काय! प्रॉव्हिडंट फंड.
आमच्या मिलची हाडं मात्र अजून कोर्टात आहेत."

भाद्रपदात रीडिंग उतरायला लागलं.
नऊ. आठ.
अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या बघून पहाटे परतलो,
त्या रात्री सात.
मी बुडबुडे वाढवले, मिनिटाला वीसचे तीस.
तरी सात. तीसचे पंचेचाळीस.
सात, सुवाच्य अक्षरात, खाली पट्टीनं रेघ.
मग पोवळ्यांची टोकं पांढरी पडली,
विस्तवाला लागलेल्या बोटांसारखी.
मी गॅसला दोष दिला, मिठाच्या पोत्याला,
एकदा नर्मदेलासुद्धा.
मी रंग पाहत नव्हते,
वही पाहत होते.

कार्तिकात डॉक्टर बोरदियांनी त्यांच्या
उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
पट्टी निघाली त्या संध्याकाळी बाबा हॉलमध्ये उभे.
"ही भिंत पांढरी आहे?
मला वाटायचं, पेंटरनं आपल्याला फसवून
क्रीम लावला."

नऊला कुपी. पाच, सहा, सात.
मी वहीकडे हात नेला.
"थांब. निळं आहे अजून."
आठ. निळं. नऊ. दहा.
उजवा डोळा झाकला: पिवळं.
डावा झाकला: निळं.
पुन्हा उजवा.
अकराव्या थेंबाला पाणी फिरलं,
कुणाला काही विचारायची गरज राहिली नाही.

बराच वेळ फक्त पंपाचा आवाज.
मग त्यांनी वही मागवली,
भाद्रपदापासूनचं एकेक पान उलटलं.
खोडलं काही नाही.
समासात फक्त लिहिलं, "डावा डोळा."

मी झडप आवळायला लागले तर मनगट धरलं.
"एकदम नाही. बॉयलरसुद्धा एकदम उतरवत नाहीत.
दिवसाला अर्धा अंश. आणि बसून राहायचं."
बसून राहायचं, हे मला कधीच जमलेलं नाही.

डाव्या डोळ्याची तारीख पौषातली मिळाली आहे.
तोवर रोज नऊला ते डावा डोळा तळहातानं झाकतात,
शाळेत डोळे तपासायला रांगेत उभ्या पोरासारखे,
आणि मी मोठ्यानं थेंब मोजते.
जळालेली टोकं काही परत जांभळी झाली नाहीत,
बाजूनं एक नवीन फुटवा आहे, तांदळाएवढा.

काल नऊ.
वहीत आता दोन सह्या लागतात.