तेरा वेळा कोरडी

अडतीस वह्या. अडतीस वेळा
'माझे गाव निसर्गरम्य आहे.'
झुळझुळ वाहणारी नदीही सगळ्यांकडे होती.
मोझरखेड्याला नदी नाही.
नाला आहे, तोही दिवाळीनंतर आटतो.

वह्या मिटल्या. तडकल्या काचेचा माझा जुना मोबाईल
गटागटाने त्यांच्या हाती दिला.
एक मिनिट आणा म्हटलं,
बोलायचं नाही, धुऱ्यावर ठेवून द्यायचा.

समाधानने मळणीयंत्र आणलं,
आणि भुसा घशात गेल्यावरचा स्वतःचाच ठसका.
देवकाने पत्र्यावरची वानरं,
मागून तिच्या काकूची शिवी.
खोडायची का, मॅडम?
राहू दे. वानरांनी ती ऐकलीच होती.

लखनच्या मिनिटात काहीच नव्हतं. वर्ग हसला.
"पऱ्हाटीत ठेवला होता," तो म्हणाला.
पुन्हा लावलं, कानाशी धरून:
वाळल्या बोंडाला लुगड्याचा काठ अडकतो
आणि सुटतो.
अडकतो, सुटतो.
लखनची आई केवढ्या घाईत आहे
ते वर्गाला तेव्हा कळलं.

कुनिका आत्रामने हापशी आणली.
तेरा वेळा कोरडी, चौदाव्यांदा पाणी.
तेरा आणि चौदाच्या मधे, पाइपात खोल
काहीतरी होत होतं. त्याला शब्द सापडेना.
खळखळ? नाही.
गुडगुड? ते पोटात.
पुस्तकातले सगळे लावून झाले,
कुनिका मान हलवत राहिली.
मग तिने लिहिलं:
"पानी वर याच्या आंधी घसा खाकरते."
सवयीने मी 'पानी'भोवती लाल गोल काढला
आणि त्या गोलाकडेच बघत बसले.

शुक्रवारी तुकडे जोडायचे होते.
आधी वानरं की आधी हापशी?
समाधान म्हणे सकाळपासून लावा,
देवका म्हणे जवळून दूर जाऊ.
परिच्छेद हा शब्द मी उच्चारलाच नाही.
घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

पाच मिनिटं सव्वीस सेकंदांचं गाव झालं.
त्यात पऱ्हाटी संपते तिथे
न मागितलेला एक आवाज:
"चूप बसा रे!"
माझाच. कधी घेतला कोण जाणे.
खाली वर्णन, कुनिकाच्या अक्षरात:
"मॅडमचा आवाज. टिनावर बोर पडल्यावानी.
पडते तवा दचकाले होते,
मंग कोनीतरी उचलून खाते."

तेवढाच तुकडा मी घरी नेऊन पुन्हा पुन्हा लावला.
दहापैकी किती, ते अजून लिहिलेलं नाही.