चिंचोक्याएवढं

सावद्याच्या केळी ग्रुपवर मी वजनं लिहितो.
दिवसाला तीन ट्रक, कधी चार, सगळे वर दिल्लीकडे.
आणि घरी माझी साडेचार वर्षांची मृगा
केळ्यांवरच जगते.
केळी, दूध, आणि वरण काढून घेतलेला भात.
कालवलेल्या भातातून वरण काढून घेता येतं
हे मला तिनेच शिकवलं.

हिरवं दिसलं की तोंड बंद,
जसं बँकेचं शटर.
पोळीत मेथीचं एक पान सापडलं
तर ते चिमटीत धरून
पुराव्यासारखं माझ्यापुढे ठेवते.
बोलत नाही. फक्त बघते.

काय नाही केलं!
चमच्याचं विमान उडवलं, ते उतरलंच नाही.
चिऊचा घास, काऊचा घास,
शेवटी चिऊकाऊच जेवून गेले.
मोबाइल लावून दिला. तोंड उघडलं,
पण काय गिळलं ते तिलाही कळेना,
मग आम्हालाच लाज वाटली.
एकदा ओरडलो.
त्या रात्री ताटावरून
तिच्याआधी मी उठलो.

शेजारच्या कोकिळाबाईंनी
तीस वर्षं अंगणवाडी चालवली.
ओट्यावर शेंगा फोडता फोडता म्हणाल्या,
"खाऊ नको घालू बापा. पाहू दे तिले आधी.
चिंचोक्याएवढं ठेव ताटात न् गप ऱ्हाय.
नव्या घरात आपल्याले तरी
पहिल्या रात्री झोप लागते का?"

मग बाजारात वांगं तिनेच निवडलं,
भरताचं, तिच्या दोन्ही हातांत न मावणारं.
हिरवं होतं.
आम्ही ते बोललो नाही.
ढब्बू असं त्याचं नाव ठेवून
फ्रॉकच्या ओच्यात घरापर्यंत आणलं.

परसात कापसाच्या काड्या पेटवल्या.
वांगं फुस्स झालं तेव्हा ती माझ्या पाठीमागे लपली,
मग पुढे आली, मग अजून पुढे.
बोटं पाण्यात बुडवून बुडवून
ढब्बूचा जळका कोट काढला तिने,
बडगीत मुसळाचे चार ठोके दिले,
पाचवा जमिनीवर.
तिच्या वाटणीच्या भरताला मिरची लावली नाही.

त्या दिवशी चिंचोक्याएवढं, मिठाशेजारी.
तिने पाहिलं. तसंच राहिलं.
आठवड्याने पुन्हा. या वेळी नाक जवळ नेलं:
"होळीचा वास येतो."
पुढच्या खेपेला जिभेचं टोक.
मग पुन्हा दोन खेपा काहीच नाही.
मी वजनं लिहिणारा माणूस,
मला वाटायचं, काटा हलेल, आकडा दिसेल.
काटा जागचा हलत नव्हता.
कोकिळाबाई शेंगा फोडत होत्या.

आज भरीत होतं, आणि गिलकं.
बायकोने माझ्यापुढे वाटी ठेवली
आणि मी ती न बघता सरकवली,
जशी पस्तीस वर्षं सरकवत आलोय.
आई म्हणायची, "त्याले नही आवडत,"
आणि आमच्या घरात गिलकं शिजायचंच थांबलं.
तिला स्वतःला ते आवडायचं का,
कधी विचारलं नाही.

"पप्पा," मृगा म्हणाली,
"चिंचोक्याएवढं."

स्वतःच्या बोटांनी तिने ते ठेवलं
माझ्या ताटाच्या कडेला, मिठाशेजारी.
"खायचं नाही हं. नुसतं पाहायचं."

पाहिलं.
पावसात भिजलेल्या वहीच्या कोपऱ्यासारखं होतं.
वास घेतला. जिभेचं टोक लावलं.
दोघी माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या.
"कसं लागतं?"
"अजून नीट कळलं नाही गं."

तिने मान हलवली,
थेट कोकिळाबाईंसारखी.
"उद्या," म्हणाली,
आणि केळं सोलायला घेतलं.

ताटं उचलताना पाहिलं,
तिच्या कडेचं भरीत जागेवर नव्हतं.
मांजर दारातच बसलं होतं.
मी कोणालाच काही विचारलं नाही.