नखाएवढी जागा

ओतारूच्या बँकेतली बाई म्हणाली, सही चालत नाही.
अगदी सावकाश म्हणाली, लहान मुलाला समजावतात तसं:
शिक्का लागेल. तुमचा स्वतःचा.

तोवर माझ्या प्रत्येक कागदावर
बाबांचीच सही असायची.
शाळेच्या, दवाखान्याच्या, एकदा तर
मी एकाचा दात पाडला त्या माफीपत्रावरही.
तिरकी, दाबून केलेली सही,
खालच्या दोन पानांवर वळ उठवणारी.

चढावरच्या गल्लीत शिक्केवाले मुराकोशी.
दुकान म्हणजे एक दिवा, एक स्टोव्ह
आणि टेबलाला चिकटलेला म्हातारा.
मी नाव लिहून दिलं: मीरिम तोकतोसुनोव्हा.
त्यांनी अक्षरं मोजली. परत मोजली.
मग करंगळीचं नख पुढे केलं.
जागा एवढी, म्हणाले. काय ठेवू?

तोकतोसुन म्हणजे बाबा.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ, हा तरी राहू दे.
आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली
म्हणून आजीने चौथ्याला ठेवलेलं नाव.

मी म्हणाले, उद्या सांगते.

नोव्हेंबर होता. कारखान्यात मासळीच्या वड्या
पहाटे दोनपर्यंत खोक्यांत भरल्या.
घरी आले तर माझी कचऱ्याची पिशवी
पुन्हा दाराशी परत आलेली, शेजारणीच्या चिठ्ठीसकट.
चिठ्ठी लावायला चाळीस मिनिटं गेली:
मंगळवारी जळणारं.
शुक्रवारी न जळणारं.
बाटलीचं झाकण निराळं.
रडू येईल असं वाटलं होतं.
खाली बसून झाकणं काढली.

आमच्या आत-बाशीत घोड्यांना डाग देतात.
बाबांचा डाग चंद्रकोर, खाली एक रेघ.
शिंगराचं डोकं मांडीवर धरायचं काम माझं,
आणि जळक्या केसांचा वास
रात्री माझ्या वेणीला यायचा.
माझ्या फीसाठी दोन घोड्या गेल्या.
त्यातली करडी माझी होती,
हे कुणी बोललं नाही, मीही नाही.

फोनवर विचारलं,
बाबा, विकलेल्या घोडीचा डाग पुसतात का?
पलीकडे नुसता वारा.
मग म्हणाले, कशाने पुसणार?
नवा मालक आपला डाग शेजारी देतो.
ती दोन्ही घेऊन चरते.
आणि लगेच, जेवलीस का?
जेवले, म्हटलं. जेवले नव्हते.

शिक्का शनिवारी मिळाला.
पिवळसर लाकूड, बोटभर लांब,
टोकाला त्यांच्या लिपीतली तीन अक्षरं: मी, रि, मु.
त्यांच्या जिभेला शेवटचा म सुटा म्हणता येत नाही.
कोरलेलं सगळं उलटं.
कागदावर दाबल्याशिवाय माझं नाव मलाच वाचता येईना.

बँकेत पहिला ठसा वाकडा आला.
बाईने काही न बोलता दुसरा अर्ज पुढे सरकवला.
दुसऱ्याला श्वास धरला.
लाल, ओला, गोल.
शिक्कामोर्तब म्हणतात ते इतकं चिमुकलं असतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्या खात्यात पहिल्यांदा पडले
ते वड्या भरल्याचे पैसे.

एका कोऱ्या कागदावर मधोमध एक ठसा उठवून
बाबांना पाठवला.
सोबत काही लिहिलं नाही. बरंच खोडलं होतं.

हिवाळाभर उत्तर नाही.
मी दारापुरता बर्फ ओढायला शिकले,
मग शेजारणीच्या दारापुरताही.
तापात एकदा भिंतीशी किर्गीझमध्ये भांडले.
अर्थशास्त्रात नापास झाले, आणि ते घरी सांगितलं.

मे महिन्यात फोटो आला.
शिंगरू, करडं, चारी पाय चार दिशांना.
त्या घोडीचंच का, ते लिहिलेलं नाही.
फक्त एवढंच:
याला अजून डाग दिलेला नाही.
कारखान्याच्या दिव्याखाली
फोटो मोठा करून करून पाहिला.
पाठीवर, खरंच, काहीच नाही.