भिंत किती उंच धरायची

अकरा वेळा जिंकलास, सहा वेळा हरलास,
एकदा बघून तरी ये ते बुडापेस्ट,
असं इल्दिको म्हणाली
आणि डब्यात खारे पाव भरून दिले.

सामना उद्या. आजचा दिवस मोकळा.
खिशात मोजपट्टी, दोन फासे,
रुमालात गुंडाळलेला शिशाचा घोडेस्वार,
ज्याच्या घोड्याचा पाय मी तीनदा चिकटवलाय.

माझ्या टेबलावर केलेती स्टेशनापासून नदी
दोन खेळींत येते.
सहा इंच, परत सहा इंच.
खरा रस्ता संपता संपत नाही:
कुलपांची दुकानं, पडदे ओढलेलं एक थिएटर,
सिग्नलला खोळंबलेली शाळेची रांग,
आणि नवा बूट डाव्या टाचेला चावतोय.
नियमपुस्तकात टाचेविषयी काही नाही.

डॅन्यूब मी निळ्या राळेची ओततो,
चार बोटं रुंद. कोरडा पांढरा ब्रश फिरवला
की लाटा.
इथे तिचा रंग भांडी विसळलेल्या पाण्याचा.
पुलाच्या मधोमध मोजपट्टी काढली,
लाज वाटली, परत ठेवली.
हा पूल ओलांडायला पाच तरी पडावे लागतात.
एक बाई बाबागाडी ढकलत
आइस्क्रीम चाटत ओलांडून गेली.

उंचावर असेल त्याला एक गुण जादा,
हा माझा सगळ्यात लाडका नियम.
गेलेर्ट टेकडीवर पोचलो तेव्हा
माझ्यात एकही गुण शिल्लक नव्हता.
बाकावर बसून पाव खाल्ले.
खाली शहर थेट टेबलासारखं दिसलं
आणि मला बरं वाटलं.
ते बरं वाटल्याचंही सांगून टाकतो.

परतताना वाट चुकलो.
योझेफवारोशच्या मागच्या गल्लीत
गोळ्यांनी टोचलेली एक भिंत.

अशी भिंत मी फोमची करतो.
पेन्सिलीचं टोक दाबायचं, कडेला राखाडी, आत काळा.
रेडिओवर फुटबॉल लावला
तर पहिल्या हाफमध्ये दोन इमारती होतात.
इथे भोकाच्या आत वीट होती, लाल, ओलसर.
इतकी वर्षं मी काळा भरत आलो.

पट्टी लावली तसं वरून आधी पाणी पडलं,
मग आवाज:
‘नगरपालिका का? प्लास्टर करणार असाल
तर पहिलं मला विचारा.’

झारी घेऊनच खाली आली. सपाता, जाड चष्मा.
नाव पिरोश्का, ‘पुढचं काय करायचंय तुम्हाला?’
माझ्या छातीपाशी एका भोकात तिनं बोट घातलं.
‘सात वर्षांची होते, तेव्हा डोकं इथवर.
आई यांच्यावरच मोजायची.
दारावर खूण करावी तर दार कुठे राहिलं होतं.
हे आठवीत. हे लग्नाच्या वर्षी,
टाचांचे बूट काढून, खोटं नाही.’
मग भिंतीला पाठ लावली, हनुवटी वर.
लग्नाच्या भोकाखाली दोन बोटं जागा.
‘बघा, निघाले की नाही परत खाली?’

तुम्ही काय करता, तिनं विचारलं.
घरं बनवतो, म्हटलं. लहान.
रुमाल सोडून घोडेस्वार दाखवला.
तिनं तो डोळ्यांजवळ नेला, उलटापालटा केला.
‘घोड्याचा हा पाय उलटा बसलाय,’ म्हणाली,
आणि जिरेनियमला पाणी घालायला वर गेली.

रविवारी, शाळेच्या व्यायामशाळेत,
सहा बाय चारच्या टेबलापलीकडे सिलार्द.
माझ्या भिंतीमागे त्याचे पाच शिपाई दबलेले.
‘ही भिंत किती उंच धरायची?’

सात वर्षांच्या मुलीएवढी, मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढून पुसला.
‘म्हणजे अर्धा आडोसा?’
फासे माझ्या मुठीत गरम झाले होते.
लाल रंग आणायचा राहिलाच होता.
अर्धाच, म्हटलं.
धर. आधी तू टाक.