सत्तर ते एकोणऐंशी

सांकेतिक पुस्तकात सत्तर ते एकोणऐंशी हे आकडे
हिमवर्षावासाठी राखलेले.
हलका, मध्यम, जोराचा,
थांबून थांबून पडणारा.
धुळ्याच्या वेधशाळेतल्या प्रतीत ते पान
अजून कोरं करकरीत आहे.
धुळीच्या वादळाचं पान मात्र
बोटांनी काळं, कोपऱ्यात फाटलेलं,
डिंकाने दोनदा चिकटवलेलं.

माझे वडील, दोधू नथू शिरसाठ, हवामान निरीक्षक,
छत्तीस वर्षं रोज सकाळी साडेआठला
झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडायचे,
डोळा पाऱ्याच्या रेषेत, श्वास रोखून.
माणसाच्या श्वासानेही पारा चढतो, म्हणायचे.
घरी कुणाला ताप आला तरी
थर्मामीटर तसाच बघायचे
आणि दशांशासकट सांगायचे.

आता त्यांच्या वह्या माझ्या टेबलावर आहेत.
पानामागे अकरा रुपये,
मी त्या संगणकात भरते.
मे महिन्याची पानं भराभर होतात,
चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस,
घामाचा एखादा डाग.
अडले ते सात फेब्रुवारीला.

शहराला विचारलं तर त्या दिवशी बर्फ पडला होता.
गल्ली नंबर पाचमधले हकीमुद्दीन घड्याळवाले सांगतात,
फळी उघडली तर दुकानाची पायरी पांढरी.
त्यांनी तिच्यावर बोटाने तारीख लिहिली.
देवपूरच्या सुभद्राबाई भामरे छातीवर हात ठेवतात :
"मन्हा डोयाघाई दखं ना बहीन,
म्हैसनी पाठवर पडेल व्हतं."
जिनिंगमध्ये हमाली केलेला पोपटसिंग गिरासे
तंबाखू मळता मळता हसतो.
कसला बर्फ? प्रेसची रुई उडाली वाऱ्याने,
अख्खं शहर झोपलेलं, आणि आम्ही गोण्या घेऊन
पांझरेच्या पुलापर्यंत पळालो.
मालकाने पगारातून कापले, ते लक्षात आहे.

रुई वितळते का? हकीमुद्दीन विचारतात.
दुपारपर्यंत पायरी ओली होती माझी.
पोपटसिंग म्हणतो,
नगरपालिकेचा टँकर गेला असेल.

वही म्हणते :
किमान एक पूर्णांक चार.
वारा शांत.
ढग एक अष्टमांश. पाऊस निरंक.
म्हणजे रुई उडायला वारा नव्हता
आणि बर्फ पडायला ढग नव्हता.
शेवटच्या रकान्यात काहीच नाही.
पण तिथला कागद खोडरबराने इतका घासलेला
की त्यातून पलीकडची नोंद दिसते.
वही उजेडात तिरकी धरली
तर एक सात आणि एक एक
खळग्यासारखे उमटतात.

वडील नेहमी शाईने लिहायचे.
शाईनेच लिहायचं, हा नियमच होता.
छत्तीस वर्षांत पेन्सिल
एवढ्या एका जागी.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
त्या सकाळी ते उशिरा आले,
कानाला मफलर, हातात स्टीलचा डबा,
चुलीजवळ बसून घाईने झाकण काढलं.
"गवतावरून उचललं," म्हणाले, "बघा."
आम्ही तिघी वाकलो.
तळाशी वाटीभर पाणी,
त्यात गवताची एक काडी.
ते बराच वेळ डब्यात बघत राहिले,
पाऱ्याकडे बघायचे तसे.
आईच्या हाताला पीठ लागलेलं होतं.
तिने काडी काढली, पाणी परातीत ओतलं.
कळण्याची भाकर नेहमीसारखीच झाली.
मी दोन खाल्ल्या.

दव गोठलं की बर्फ पडला म्हणत नाहीत,
त्याचा आकडा वेगळा आहे,
हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.
मग एकाहत्तर का लिहिलं,
आणि मग का खोडलं,
हे विचारायचं सुचलं तेव्हा
घरात विचारायला कुणी उरलं नव्हतं.

संगणक रिकामा रकाना घेत नाही.
शून्य घेतो.
एकाहत्तर टाकलं तर चौकट लाल होते
आणि तो विचारतो, खात्री आहे का?
खाली दोनच बटणं.

हे पान मी उद्यावर ठेवलं आहे,
तिसऱ्यांदा.
अकरा रुपये राहू देत.